दिगूचा गडू

तो गडू आता माझ्या खिडकीत असतो, पुस्तकांच्या रांगेच्या टोकाला. दोन मुठींएवढा, पोटाशी गोल, गळ्याशी अरुंद. मी तो घासत नाही. तांबं काळवंडत जातं, तसं जाऊ देते. सकाळी तिरपं ऊन आलं की त्याच्या अंगावर ठोक्यांच्या बारीक खुणा दिसतात, माशाच्या खवल्यांसारख्या. त्यातला प्रत्येक ठोका माझ्या आजोबांचा आहे.

आम्ही तांबट. नाशकात आमच्या आळीत उजाडायचं ते हातोडीनं. हंड्याचा ठोका जाड, कळशीचा त्याहून बारीक, परातीचा पसरट. अंथरुणात डोळे मिटून सांगता यायचं की कोणाच्या दुकानात काय घडतंय. नवसागराचा नाकाला झोंबणारा वास, कोळशाची धग, चिंचेच्या पाण्यातून नुकतं निघालेलं गुलाबी तांबं. हा सगळा माझा पहिल्या सहा वर्षांचा ऐवज.

आजोबांचं आणखी एक काम होतं. यात्रेकरू रामकुंडावरून गंगेचं पाणी भरून आणत आणि आजोबा त्यांचे गडू बंद करून देत. आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. गडूच्या तोंडावर तांब्याची चकती बसवायची आणि कडेनं कथलाचा डाख द्यायचा, असा की त्यातून वारासुद्धा जाऊ नये. तो गडू मग कुठल्या कुठल्या गावी देवघरात जाऊन बसायचा आणि घरातलं कोणी शेवटच्या घटकेला टेकलं की उघडला जायचा. तोंडात दोन थेंब, मग सुटका. आजोबांनी असे किती गडू बंद केले याची गणती नाही. पण आमच्या स्वतःच्या घरात असा गडू कधीच नव्हता. नदी दोन गल्ल्या ओलांडल्या की होती. तिला बंद करून कशाला ठेवायची?

आमच्या घरातला पहिला गडू आजोबांनी आमच्यासाठी केला. एकोणीसशे तिसानंतरची ती वर्षं. बाजारात पातळ पत्र्याची स्वस्त भांडी आली होती, आळीतल्या हातोड्या एकेक करून गप्प होत होत्या, आणि नाना, म्हणजे माझे वडील, आफ्रिकेत रेल्वेच्या आणि बोटींच्या कारखान्यात कामाला जायला निघाले होते. आई आणि मी बरोबर. गावाचं नाव किसुमू. ते मी पाटीवर लिहून लिहून पाठ केलं होतं.

आजोबांनी गडू आईच्या ओंजळीत ठेवला. म्हणाले, "सूनबाई, हा एकदाच उघडायचा. कधी, ते तुला सांगायला नको."

"निघताना असलं काही बोलू नका, मामंजी."

"मी कुठं बोलतोय? गडूच बोलतो." आणि त्यांनी तो तिच्या कानाशी हलवला. पाणी काठोकाठ होतं, म्हणून आवाज अगदी इवलासा आला. डुबुक.

बोटीवरचे सगळे दिवस आईनं तो मांडीवरून उतरवला नाही. तिला बोट लागायची, पोटात काही ठरायचं नाही, पण गडू कोरडा आणि उभा असायचा.

किसुमूला मोठं तळं होतं, समुद्रासारखं, पण गोड्या पाण्याचं. तळ्याच्या बाजूला कारखाना, आणि कारखान्यामागं आमच्या पत्र्याच्या घरांची रांग. माती लाल, धुतलेली लुगडी वाळेपर्यंत काठाशी तांबूस व्हायची. रोज दुपारी पाऊस यायचा आणि पत्र्यावर असा वाजायचा की घरात बोलणं थांबवावं लागायचं. कधी तळ्यावरून चिलटांचे ढग उठायचे, धुरासारखे. मग आई भाताच्या पातेल्यावर झाकण दाबून बसायची. संध्याकाळी पाणघोडे काठावर चरायला येत आणि नाना मला खिडकीतून दाखवत, "बबे, बघ, कसा हंड्यासारखा घडवलाय. एक शिवण दिसत नाही."

आईला तिथं रुळायला वेळ लागला. बाजारात लाल ज्वारी मिळायची. तिची भाकरी कडवट व्हायची आणि थापताना चिरायची. आई तिच्यात थोडं मक्याचं पीठ, तिथला पोशो, मिसळायला शिकली. तिळाला तिथं सिमसिम म्हणत. संक्रांतीला सिमसिमचे लाडू झाले. तिथली माणसं तास उजाडल्यापासून मोजायची, सूर्य उगवला की पहिला तास. हे मात्र आईला एकदम पटलं. "हेच शहाणे. बाकीचे रात्री बारा वाजता दिवस कसा काय सुरू करतात कोण जाणे." पण पंचांग तिला दगा द्यायचं. चतुर्थीला पंचांगातल्या वेळी ती अंगणात जाऊन उभी राहायची आणि चंद्राचा पत्ता नसायचा. आणि ती थंडीची वाट बघायची. मार्गशीर्ष गेला, पौष गेला.

"अहो, इथं थंडी कधी पडते?"

"थंडी?" नाना म्हणाले. "ती मुंबईच्या धक्क्यावरच राहिली. तिचं तिकीट कुठं काढलं होतं आपण?"

आई हसली. पण मग पुष्कळ वेळ ती आणलेल्या घोंगडीवरून नुसता हात फिरवत बसलेली मला आठवते.

दुसऱ्या वर्षी दिगूचा जन्म झाला. दिगंबर. शेजारच्या जमनाबेननं त्याची पहिली आंघोळ घातली. आई मराठीत बोलायची, जमनाबेन गुजरातीत, आणि दोघी दिवसभर बोलायच्या.

दिगूचे केस विलक्षण दाट होते. पहिल्या वर्षी जावळ काढायला हवं होतं. नाना म्हणाले, इथंच काढू, कारखान्यात एक न्हावी येतो. आई ऐकेना. "माझ्या मुलाचे पहिले केस या तळ्यात जायचे नाहीत. गंगेवर जावळ करायचं. तिसऱ्या वर्षी चालतं." चार वर्षांनी नानांना रजा मिळणार होती आणि तेव्हा दिगूचं तिसरं वर्ष चालू असणार होतं. आईनं बोटांवर सगळं जुळवून ठेवलं होतं.

म्हणून केस वाढत राहिले. आई बुधवारी त्याला खोबरेल लावून न्हाऊ घालायची आणि दोन वेण्या घालायची. त्याच्या टाळूला खोबरेलाचा आणि शिकेकाईचा वास यायचा. रडून आला की मी त्याला जवळ घेऊन तो वास हुंगायची.

"बेन, तमारी आ नानी छोकरी तो बहु रूपाळी छे!" जमनाबेन मुद्दाम म्हणायची.

"छोकरी नाही गं बाई, छोकरो! एकदा गंगेवर बोडू दे, मग बघ माझा मुलगा."

देवळीतला गडू दिगूला फार प्रिय होता. रडायला लागला की नाना गडू त्याच्या कानाशी हलवत. आई आधी रागावली, मग तीही तेच करू लागली. डुबुक. दिगू श्वास रोखून ऐकायचा आणि डोळे मोठे करून आम्हांला सांगायचा, "गंगा बोयली."

त्यानं गंगा पाहिली नव्हती. मी त्याला सांगायची: पायऱ्या असतात, खूप पायऱ्या, रंगपंचमीला चौकात रंगाचं भलंमोठं टाकं भरतं आणि माणसं त्यात उड्या टाकतात, हिवाळ्यात पाण्यावरून वाफ निघते. तो सगळं ऐकून घ्यायचा आणि पुन्हा गडूकडे बोट दाखवायचा. त्याच्या मते हे सगळं त्या गडूतच होतं.

रजा तीन महिन्यांवर आली होती. आईनं दिगूसाठी खणाची कुंची शिवली होती, जावळ झाल्यावर बोडक्या डोक्यावर घालायला. आणि त्याला ताप आला.

तापाचे दिवस मला नीट आठवत नाहीत. कोयनेलचा, त्या तापाच्या औषधाचा, कडू वास आठवतो. गोव्याकडचे एक डॉक्टर यायचे, त्यांचे बूट दाराबाहेर लाल चिखलात उभे असायचे. आईनं वेण्या सोडल्या नव्हत्या. त्या उशीवर दोन्हीकडे पडलेल्या असायच्या. सातव्या दिवशी दुपारी डॉक्टर गेल्यावर नाना देवळीपाशी उभे राहिले.

"गडू काढू का?" ते हळू म्हणाले.

आई उठून त्यांच्या आणि देवळीच्या मधे उभी राहिली. "हात लावायचा नाही."

"अगं, पण..."

"गडूला हात लावलात तर तो जाईल. सांगून ठेवते. काही झालेलं नाही त्याला. तीन महिन्यांनी खुद्द गंगेत उतरायचंय त्याला, त्याला बंद गडूतलं पाणी कशाला?"

नाना खाली बसले. पाऊस सुरू झाला. आई पट्ट्यांसाठी गार पाणी आणायला बादली घेऊन रांगेच्या टोकाच्या नळावर गेली. तेवढ्यात नाना मला म्हणाले, "बबे, पळ, जमनाबेनला बोलाव."

मी जमनाबेनला घेऊन आले तेव्हा दिगू नानांच्या मांडीवर होता आणि नाना धोतराच्या टोकानं त्याची हनुवटी पुसत होते. पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की ते काही बोलले असते तरी ऐकू आलं नसतं. त्यांनी जमनाबेनकडे पाहून नुसती मान हलवली.

मग आई आली. तिनं पाहिलं. हातातली बादली तिनं खाली ठेवली, अगदी सावकाश, पाणी सांडू नये अशी.

वस्तीतले एक वडीलधारे गुजराती गृहस्थ आले. त्यांनी नानांना विचारलं, "मुंडन हुआ था?" नाही म्हटल्यावर म्हणाले, "तो फिर अग्नि नहीं. मिट्टी देंगे." जावळ न झालेल्या मुलाला दहन नसतं, पुरतात. हे आईला ठाऊक होतं. पण त्या क्षणापर्यंत तिनं ते आपल्याला लावून पाहिलं नसावं. दहन नाही, म्हणजे अस्थी नाहीत. अस्थी नाहीत, म्हणजे नाशिकला न्यायला काहीच नाही. जे केस गंगेसाठी राखून ठेवले, त्यांनीच त्याला तिथं ठेवून घेतलं. तेल लावलेल्या दोन वेण्यांसकट तो तळ्याजवळच्या लाल मातीत गेला.

त्यानंतरच्या दोन गोष्टी मला तेव्हा दिसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी देवळीत गडू नव्हता. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती, तिला ते कळलं नाही. संध्याकाळी नाना कामावरून आले आणि गडू पुन्हा जागेवर दिसला. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं भाजली होती. मी विचारलं, तर म्हणाले, "बॉयलर लागला." मला नवल वाटलं. तांबटाची बोटं अशी भाजत नाहीत.

आणि काही दिवसांनी, घरात कोणी नसताना, मी गडू कानाशी हलवला. पूर्वीचं डुबुक नव्हतं. पाणी मोकळं, मोठ्यानं हिंदकळलं. मला वाटलं, दिगू गेल्यामुळे तेही सुटं झालं असेल. नऊ वर्षांच्या मुलीला असं काहीही वाटू शकतं. मी गडू ठेवून दिला आणि विसरले.

आम्ही परत आलो ते कायमचेच. नाना आजोबांच्या जागेवर बसले. आई पहाटे आंघोळीला रामकुंडावर जायची आणि आंघोळ झाल्यावरही पायरीवर बसून राहायची. तिथं रोज माणसं येतात. कापडात बांधलेल्या अस्थी छातीशी धरलेल्या, प्रवासानं चुरगळलेले कपडे. आमच्याकडे म्हणतात की या कुंडात अस्थी विरघळून जातात, पाणीच होतात. घाटावरचे उपाध्ये प्रत्येकाला पहिला प्रश्न एकच विचारतात, "कुठून आलात?" आणि माणसं सांगतात. नागपूर, इंदूर, हैदराबाद. आई ती नावं ऐकत बसायची. शाळेला जाताना मी तिला उठवायला जायची.

एकदा ती म्हणाली, "किती लांबून आणतात गं. मला मात्र कोणी विचारत नाही."

दरवर्षी ती तिथी यायची. आई देवाला दिवा लावायची आणि कोणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणायची, "दोन थेंब पडले नाहीत त्याच्या तोंडात. गडू समोर होता. माझ्या हट्टानं तहानेला गेला पोर." नाना त्याच खोलीत असायचे. ते उठायचे, दुकानात जायचे, आणि थोड्या वेळानं हातोडीचा आवाज यायचा. त्या दिवशी गिऱ्हाईक नसलं तरी यायचा. मी तेव्हा कॉलेजात जात होते, पुस्तकं वाचत होते, आणि मनात नानांवर रागवत होते. एक शब्द सांत्वनाचा बोलत नाहीत म्हणून.

नाना गेले तेव्हा शुद्धीवर होते. आईनंच विचारलं, "गडू उघडू का?" त्यांनी मान हलवली. "तो राहू दे. नदीचं आण."

आईनं त्यांच्यानंतर पुष्कळ वर्षं काढली. शेवटच्या आजारात मी तिची उशी सारखी करत होते, तेव्हा तिची नजर देवळीकडे गेली. "माझ्यासाठी नको उघडूस. तो दिगूचा आहे." मग म्हणाली, "मला सोडशील तेव्हा माझ्याबरोबर त्याचं पाणीही सोड. हाडं नाहीत, तर पाणी तरी."

म्हणून तिच्या अस्थी सोडायच्या दिवशी सकाळी मी गडू घेऊन सदूकडे गेले. सदू माझा चुलतभाऊ. आळीतलं उरलेलं एक दुकान त्याचं. समोर स्टीलच्या भांड्यांचं भलंमोठं दुकान झालंय, त्याच्या उजेडात सदूचं दुकान आणखी काळं दिसतं. त्यानं छिन्नी घेतली, गडूचं तोंड उजेडाकडे केलं आणि थांबला.

"आक्का, हा आधी कोणी उघडला होता?"

"कोणी नाही. आजोबांनी बंद केला, तेव्हापासून तसाच आहे."

"तसाच कसा? हे बघ ना." त्यानं नखानं दाखवलं. "हा खालचा पांढरा थर आजोबांचा. शुद्ध कथील. केसाएवढी रेघ, बघत राहावं असा हात. आन् हा वरचा काळा, यात शिसं लय. बॉयलरच्या कामाला वापरतात तसला. कारखान्यातला हाय हा. आन् कसा दिलाय बघ, ओघळ आलेत."

मी दुकानाच्या पायरीवर बसले.

नवसागराचा वास येत होता. त्या वासात मला धोतराचं टोक दिसलं, हनुवटी पुसणारं. दोन भाजलेली बोटं दिसली. सुटं झालेलं पाणी ऐकू आलं. चाळीस वर्षं हे सगळं माझ्याजवळ होतं. मी ते कधी एकमेकांशेजारी ठेवून पाहिलं नव्हतं.

नानांनी गडू उघडला होता. आई नळावर आणि मी जमनाबेनकडे, तेवढ्या वेळात. आणि मग त्यांनी तो कारखान्यात नेऊन पुन्हा बंद केला आणि आयुष्यभर गप्प राहिले. सांगितलं असतं तर आईची तहानेची टोचणी गेली असती. पण आई म्हणाली होती, गडूला हात लावलात तर तो जाईल. नानांनी हात लावला होता, आणि तो गेला होता. सांगितलं असतं, तर तिला दिगूच्या मरणाचं एक कारण सापडलं असतं, आणि ते कारण रोज तिच्या समोर जेवायला बसलं असतं. नानांनी कोणतं दुःख तिला द्यायचं ते निवडलं. बरोबर निवडलं का, मला अजूनही सांगता येत नाही. थेंब वेळेत पोचले का, हेही नाही. हनुवटी ओली होती, एवढंच मी पाहिलं आहे.

"आक्का, पाणी घे ना गं, तोंड बघ कसं झालंय," सदू म्हणाला. मग छिन्नीनं चकती उडवून गडूत डोकावत, "बरंचसं आहे अजून. चार घोट कमी असेल."

रामकुंडावर गर्दी होती. सदूनं विधी केले. मी आईच्या अस्थींचं गाठोडं हातात घेऊन पाण्यात गुडघाभर उतरले आणि तोंड खाली करून म्हणाले, "आई, नानांनी उघडला होता. तो तहानेला नाही गेला." गुरुजींना वाटलं, मी मंत्र म्हणतेय. ते क्षणभर थांबले.

अस्थी सोडल्या. मग मी दुसऱ्या हातातला गडू तिरपा केला. पाणी आलं, आमच्याच नदीचं, समुद्र दोनदा ओलांडलेलं. ते खालच्या पाण्यात मिसळलं आणि लगेच ओळखू येईनासं झालं.

घाटावर एक तरुण उपाध्ये वही उघडून बसले होते. ते आम्हांला ओळखत नव्हते. माझ्या हातातला जुना गडू बघून, सगळ्यांना विचारतात तसं त्यांनी विचारलं, "कुठून आलात?"

सदू हसून म्हणणार होता की आम्ही इथलेच, दोन गल्ल्यांपलीकडचे. मी त्याच्या हातावर हात ठेवला.

"किसुमूहून," मी म्हणाले.